फळ्याचा उजवा कोपरा

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची गिरणी होती. आता तिथं क्लास आहे. त्याच्या शेजारी क्लास, समोर क्लास, आणि मधे जी एक झेरॉक्सची टपरी आहे ती क्लासच्या नोट्सवरच जगते. क्लास सुटले की गल्ली पोरांनी अशी भरते की दूधवाल्याला सायकल हातात धरून चालावं लागतं. माझी भाचेसून म्हणते, "मावशी, तुमचं अख्खं आयुष्य शाळेत गेलं, तुम्हाला तर हा गोंगाट गोड लागायला पाहिजे." लागतो गोड. पण कुरकुर केल्याशिवाय मला चहा पचत नाही, त्याला काय करणार.

परवा तिची मुलगी माझ्याकडे अभ्यासाला येऊन बसली होती. अकरावीत आहे. टॅबवर एक मास्तर शिकवत होते आणि ही मधेच बोट लावून त्यांना थांबवत होती. मास्तर तोंड उघडं ठेवून थिजले की ही चार शेंगदाणे खाऊन घ्यायची, मग पुन्हा त्यांना मोकळं करायची. माझ्या काळात कुणी मला असं थिजवलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी विचार करत होते. "आजी, हे आपापल्या वेगानं शिकायचं असतं," ती मला समजावून सांगायला लागली, "आणि जे अडेल ते संध्याकाळी सर लाईव्ह घेतात. नवीन पद्धत आहे."

नवीन. ही पद्धत मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चालवली होती, आणि तिच्यात एका पोरीचं पुढचं शिक्षण टांगणीला लागलं होतं. पण टॅबवाल्या पोरीला पुढचा धडा संपवायची घाई होती. तिला नाही सांगता आलं, म्हणून इथं सांगते.

लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपाला दोनेक वर्षं होऊन गेल्यावर माझी बदली औसा तालुक्यातल्या एका गावी झाली. जुनं गाव दगडमातीचा ढीग होऊन पडलं होतं. त्याच्यापासून लांब, माळावर, नवं गाव वसत होतं. रुंद रस्ते, एकसारखी घरं, डोक्यावर पक्का स्लॅब. घरं इतकी एकसारखी होती की संध्याकाळी परतणारी म्हैससुद्धा दोन दारं चुकून तिसऱ्या दारात शिरायची. पण त्या घरांत झोपायला कुणी तयार नव्हतं. स्लॅबखाली कडबा आणि ज्वारीची पोती, आणि माणसं बाहेर अंगणात, पत्र्याच्या छपराखाली. मी एका बाईला विचारलं, "नवं घर असताना हे काय?" ती म्हणाली, "पत्रा पडला तर खोक पडंल बाई, जीव न्हाई जायचा."  आमच्या नांदेडच्या घरातही त्या पहाटे भांडी खणखणली होती, पण आमचं सगळं शाबूत राहिलं होतं. शाबूत राहिलेल्या माणसानं जास्त शहाणपणा करू नये, एवढं मला कळत होतं.

शाळाही पत्र्याचीच होती. मला दहावीचा वर्ग दिला, गणितासाठी. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरायची वेळ आली. वर्गातली काही पोरं भूकंपानंतर लातूरला, सोलापूरला नातेवाइकांकडे राहून चांगल्या शाळांत शिकून आलेली. काहींचं मधलं वर्ष तंबूत आणि धान्याच्या रांगेत गेलेलं. एक पोरगा वर्गसमीकरण तोंडी सोडवायचा आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. मी फळ्यावर सोपं घेतलं की निम्मा वर्ग जांभया देणार, अवघड घेतलं की उरलेला निम्मा माझ्या तोंडाकडे बघत बसणार. त्यात पत्रा. दुपारी तापून भट्टी, आणि पाऊस आला की असा ताशा वाजायचा की माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नसे. माझा आवाज लहान नाही, हे माझ्या सासरचे लोक शपथेवर सांगतील.

उपाय सापडला तो नांदेडला, आमच्या शेजारच्या चाचांच्या छापखान्यात. त्यांच्या घराण्यात दोन पिढ्यांपासून छपाईचं काम. लग्नसराईत त्यांच्याकडे बिघडलेल्या पत्रिकांचा ढीग पडायचा. कुठं शाई पसरलेली, कुठं गणपती वाकडा, कुठं नवऱ्यामुलाच्या मामांचं नाव राहून गेलेलं, आणि मामा रुसले की सगळ्या पत्रिका पुन्हा छापायच्या. एका बाजूला लग्न, दुसरी बाजू कोरी आणि कागद चांगला जाड. मी मागितल्या तर चाचांनी पोतंच पुढं केलं. "ले जाव बेटी. चूल्हे में डालने से तो बच्चे पढ़ लेंगे." ते पोतं घेऊन मी लोहा, अहमदपूर, लातूर असा एसटीचा प्रवास केला. कंडक्टरनं विचारलं, "घरी कार्य दिसतंय?" मी हो म्हणून टाकलं.

प्रत्येक पत्रिकेच्या मागे एक पायरी. वर एक सोडवलेलं उदाहरण, खाली सोडवायची गणितं, कोपऱ्यात नंबर. वर्गात आडवी दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पत्रिका तिच्यावर टांगल्या. ज्यानं त्यानं आपल्या पायरीची पत्रिका काढायची, सोडवायची, परत लावायची, पुढची घ्यायची. कुणी कुणाला विचारायचं नाही की तू कुठवर आलास. आणि अडलं, तर उठून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या पत्रिकेचा नंबर लिहून यायचं. नाव नाही, नुसता नंबर. मग स्वस्थ बसायचं. कोपऱ्यात नंबर साठले की मी टाळी वाजवायची, सगळ्यांनी पत्रिका उलट्या ठेवायच्या, आणि मी तेवढंच फळ्यावर शिकवायची, सगळ्यांना. ज्याला येतं त्यानंही ऐकायचं, कारण तो हमखास काहीतरी गाळून पुढं गेलेला असतो. पत्रिका ज्याची त्याची, फळा सगळ्यांचा. ज्यांना धीर धरवत नसे ते "बाई, बाई" करून हाका मारायचे, आणि माझं एकच उत्तर असायचं, "नंबर लिहिलास ना? मग थांब." हे वाक्य मी इतक्यांदा म्हणायची की मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ पोरं एकमेकांना माझ्या आवाजात तेच ऐकवायची.

चिडवाचिडवीला तर ऊत आला होता. "बाई, मला पुन्हा तीच नवरी आली." "बाई, ह्याचं लग्न तीनदा झालं तरी त्रिकोण सुटंना." हेडमास्तर निलंग्याकडचे, निवृत्तीला आलेले, अतिशय सज्जन आणि अतिशय काळजीखोर. दोरीवर सोनेरी गणपती लटकलेले पाहून ते दारातच थबकले. "काय करलालाव बाई तुम्ही? शाळा हाय का मंगल कार्यालय?" मी म्हटलं, "सर, पंधरा दिवस द्या, मग बोला." पंधरा दिवसांनी ते आले, मागे बसले, आणि हळूच एक पत्रिका काढून स्वतः सोडवायला लागले. मग मला कुणी काही बोललं नाही.

आता त्या मुलीबद्दल. ती दहावीतच होती. काळीसावळी, उंच, कमी बोलणारी. पत्र्याच्या वर्गात दाराजवळ बसायची, पण बसायची. पत्रिकांमध्ये ती सगळ्यांच्या पुढं असायची. मला अशी पोरं आवडतात आणि मी ते लपवत नाही.

दिवाळीनंतर शाळेची नवी इमारत तयार झाली. पक्की, भूकंपातही न पडणारी, डोक्यावर स्लॅब. नारळ फुटले, पेढे वाटले, पोरं बसायची बस्करं काखेत मारून नव्या वर्गांकडे पळत सुटली. पोरांना नव्याचं कौतुक भीतीपेक्षा मोठं असतं. ही मात्र आली नाही. खिडकीबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बस्कर टाकून बसली.

मी बाहेर गेले. "आत का येत नाहीस?"

"हितंच बरं हाय, बाई."

मी रागावले, म्हटलं ही काय नवी थेरं. ती मान खाली घालून बसून राहिली, पण उठली नाही. आत येऊन मी बघते तर सगळा वर्ग माझ्याकडे असा पाहत होता, जणू चूक माझीच आहे. मग एका मुलीनं माझ्याजवळ येऊन हळू आवाजात सांगितलं. भूकंपाच्या रात्री गणपती विसर्जनाची मिरवणूक बघून ही उशिरा आली आणि अंगणातच बाजेवर झोपली. आईवडील आणि धाकटा भाऊ आत होते. नंतर एकदा तिनं स्वतःही मला सांगितलं, अगदी साधेपणानं, हिशेब सांगावा तसं. "भाईर होते म्हणून हाय, बाई." पत्र्याखाली ती बसू शकायची, कारण पत्रा तिच्या लेखी बाहेरच होता. स्लॅब म्हणजे आत.

मी काय केलं, तर दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. तिनं बाहेरून हात घालून पत्रिका काढायची, सोडवायची, परत लावायची. वर्गाची पद्धत जणू तिच्यासाठी शिवूनच आणली होती. अडलं तर एखादी मैत्रीण तिच्या वतीनं कोपऱ्यात नंबर लिहायची आणि मी जरा मोठ्यानं, खिडकीकडे तोंड करून शिकवायची. पोरगी सुसाट निघाली. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की शनिवारी नांदेडला घरी आले की जेवताना तिच्याच गोष्टी.

एके दिवशी तिचा चुलता शाळेत आला. भावाच्या लेकीला स्वतःच्या दोन पोरींबरोबर वाढवणारा माणूस, बोलायला रोखठोक. त्या वेळी लातूरच्या क्लासचं वारं गावोगाव सुटलं होतं. कुणाचा पोरगा तिकडे गेला आणि डॉक्टरकीला लागला, कुणाची पोरगी इंजिनिअर होणार, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. त्यालाही वाटत होतं की हिला तिथं घालावं.

"पर बाई," तो म्हणाला, "ते क्लास म्हंजे हे एवढे हॉल. शेकड्यानं पोरं, वर मजल्यावर मजला. आन् त्याच्या आधी दहावीचा पेपर. त्यो काय झाडाखाली हुतो का? पेपरला बसली तर लातूरला घालतो, माझा शब्द हाय. पर न्हाईच बसली तर हितं ठिवून करू काय? एक स्थळ आलंय. बघावं म्हणतो."

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. उलट तो खराच बोलला होता, म्हणून मला झोंबलं. मी खिडकीतून बघितलं. पोरगी लिंबाखाली मांडीवर पत्रिका घेऊन बसली होती, एका बाजूला कुणाचं तरी शुभमंगल आणि दुसऱ्या बाजूला तिचं गणित. मी तिला जितकं सोयीनं शिकवत होते तितकी ती बाहेर पक्की होत होती. नुसत्या पत्रिकांवर भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण बोर्डाची परीक्षा स्लॅबखाली होती, आणि लातूरही स्लॅबखालीच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. फळ्यावर नंबर ज्याचा त्यानंच लिहायचा. दुसऱ्याच्या हाताचा नंबर मी पुसून टाकणार.

वर्गाला कळलं की हा नियम कुणासाठी आहे. सगळे माझ्यावर फुगले. मधल्या सुट्टीत माझ्यासाठी आठवणीनं बोरं आणणारा पोरगा त्या आठवड्यात बोरं आणेना. "बाई, तुम्ही लई कडक हाव," एक जण तोंडावर म्हणाला. मी म्हटलं, "हाव. मग?"

तिलाही राग आला असावा. काही दिवस तिला नंबर लिहायची गरजच पडली नाही, किंवा पडली तरी तिनं दाखवलं नाही. मग भूमितीत वर्तुळ आणि स्पर्शिका आल्या, आणि बेचाळीस नंबरच्या पत्रिकेवर तिची गाडी थांबली. मला खिडकीतून दिसत होतं. तीच पत्रिका, तीच आकृती, पुसायची, काढायची, पुसायची. मला पाच मिनिटं बाहेर जाऊन सांगता आलं असतं. हात शिवशिवत होते. मी जिद्दीनं आतच बसले, ती जिद्दीनं बाहेर. एका मुलीनं न राहवून कोपऱ्यात बेचाळीस लिहिला. मी अक्षर ओळखून पुसला. 

एका सकाळी प्रार्थना आटोपून वर्गात आले तर कोपऱ्यात बेचाळीस लिहिलेला. चारचा आकडा तिच्या पद्धतीचा, शेपूट लांब ओढलेला. खडू खाली पडून फुटला होता, इतक्या घाईत ती आत येऊन बाहेर पळाली होती. मी टाळी वाजवली, सगळ्यांनी पत्रिका उलट्या ठेवल्या, आणि मी स्पर्शिका शिकवायला घेतली. आकृती मात्र काढली फळ्याच्या अगदी डाव्या टोकाला, जिथलं खिडकीतून दिसत नाही. वर्गानं ते लगेच ओळखलं आणि पोरं गालात हसायला लागली. मी शिकवत होते आणि कान मागे होते. थोड्या वेळानं दाराशी बांगड्या वाजल्या. ती चौकटीत उभी होती.

चौकट तिला चालायची. भूकंपानंतर साहेब लोक येऊन शिकवून गेले होते की हादरा बसला आणि बाहेर पडता आलं नाही तर दाराच्या चौकटीत उभं राहा. त्यामुळे चौकट तिच्या हिशेबात ना आत ना बाहेर. तिथं तिनं मुक्काम ठोकला. येणाराजाणारा तिला ओलांडून जायचा. पोरांनी तिचं नाव उंबरा ठेवलं आणि तिनंही ते मानून घेतलं. हेडमास्तर दरवेळी तिला वळसा घालून आत येत आणि म्हणत, "बस बाळा, बस, मला जागा हाय."

त्यानंतरचं मी शिकवलं नाही, हे सांगितलं पाहिजे. ते तिनं आपल्याच वेगानं केलं. कधी एक दिवस बस्कर एका फरशीनं आत यायचं. मग बरेच दिवस तिथंच. कधी परत चौकटीत. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर दुसरं काही बघत नव्हते. वर्गानं न सांगता एक गोष्ट केली. तिच्या बस्करापासून दारापर्यंतच्या वाटेत कुणी बसेना, दप्तर ठेवेना. एवढ्या दाटीच्या वर्गात ती पट्टी रिकामी. बोरं आणणारा पोरगा एकदा चुकून तिथं बसला तर मागच्यानं त्याला कॉलरला धरून उठवला. त्या पोरांवर मी आयुष्यभर जीव टाकला असता, तरी कमीच होतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी हादरा बसला. अधूनमधून लहान हादरे बसायचेच. खिडकीचे गज वाजले, दोरीवरच्या पत्रिका हलल्या, आणि एका क्षणात वर्ग रिकामा. मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी लिंबाच्या खोडाला मिठी मारून उभी होते, एका हातात डस्टर, एका पायात चप्पल नाही. ती माझ्यामागून आली. माझ्याकडे बघितलं, चप्पल नसलेल्या पायाकडे बघितलं आणि हसायला लागली. तिला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही तर माझ्या आधी भाईर."

"मग? मला काय जीव नाही?"

"तुमाला बी भ्या वाटतंय?"

"वाटतं की. रोज वाटतं."

ती विचारात पडली. "मग रोज आत कशा जाता?"

 मी म्हटलं, "दारात आले की जरा थांबते. मग जाते." हे काही शास्त्रीय उत्तर नव्हतं, पण तिनं ते लक्षपूर्वक ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा मला वाटलं होतं ती पुन्हा झाडाखाली दिसेल. ती चौकटीत आली, तिथं उभी राहिली, आणि मग रिकाम्या पट्टीवरून चालत येऊन पहिल्या रांगेत बसली. मी त्या दिवशी लसावि काढताना फळ्यावर चूक केली आणि वर्गानं माझी भरपूर थट्टा केली.

मार्चमध्ये परीक्षा. आमच्या पोरांचं केंद्र तालुक्याच्या गावी, एका जुन्या दुमजली शाळेत आलं. तिचा नंबर लागला तो वरच्या मजल्यावर. मी केंद्रसंचालकांना भेटले, सगळं सांगितलं, खालच्या खोलीत बसवा म्हटलं. माणूस वाईट नव्हता. पण बैठक बोर्डाच्या क्रमानं, ती त्यांना बदलता येत नव्हती. "बाई, दार उघडं ठेवायला सांगतो, एवढं करतो," ते म्हणाले. एवढं तरी झालं.

पहिला पेपर मराठीचा. चुलता तिला त्याच्या एमएटी गाडीवर घेऊन आला होता आणि परत निघायच्या बेतात नव्हता. त्याची खात्री होती की पोरगी तासाभरात खाली येणार. ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली. मागून पोरं ढकलत होती. बोरं आणणाऱ्या पोरानं हात आडवे करून त्यांना अडवलं. मग ती वर गेली.

आमच्या शाळेच्या शिक्षकांना आत जायची परवानगी नव्हती. मी आणि चुलता आवाराबाहेर एका झाडाखाली उभे राहिलो. माझ्या लक्षात आलं की आता ती स्लॅबखाली आहे आणि मी झाडाखाली. वर बघत राहायचं, दुसरं काही हातात नव्हतं. तास झाला. दोन झाले. चुलत्यानं तंबाखू मळली, खाल्ली, पुन्हा मळली. कुणीतरी जिन्यावरून उतरलं की आम्ही दोघं पुढं सरकायचो. ती पाणी आणणारी बाई असायची.

शेवटची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा खाली आला. ती सगळ्यांच्या मागून आली. घामानं भिजलेली, ओठ पांढरे. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला विचारायचं होतं ते तोंडातून येईना, म्हणून मी बावळटासारखं विचारलं, "सोपा होता का?"

"सोपा हुता. पर सुरवातीलाच अडलं, बाई."

"मराठीत काय अडलं?"

"पेपरात न्हाई. मीच अडले. पंखा हालत हुता, लक्ष समदं वर. हात चालंना. म्हणून मग पेपरच्या कोपऱ्यात नंबर लिवला."

प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचं नसतं, हे मी तिला शंभरदा बजावलं होतं. ते त्या वेळी मला आठवलंही नाही. "कुठला नंबर लिहिलास?"

"माझा. हजेरीतला."

मी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"लिवला आन् थांबले," ती म्हणाली. "कुणी येणार न्हाई हे म्हाईत हुतं. पर थांबता आलं. मग लिवाय लागले."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. चुलता दुसरीकडे तोंड करून उभा होता. त्यानं तंबाखू थुंकली, गाड्यावरून घेतलेली पेरूची पुडी तिच्या हातात दिली, आणि एमएटीची किल्ली बोटावर फिरवत राहिला. मग मला विचारलं, "बाई, लातूरची ती क्लासची बिल्डिंग किती मजली हाय?"

मी म्हटलं, "तीन."

ती पेरू खात होती. "असू द्या," ती म्हणाली.